वाढलेलं पान आणि लपवलेलं दार

अध्यक्षस्थानी बसलेले आमच्या अन्नछत्राचे विश्वस्त श्री. विजयराघव अण्णा, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, तंजावरहून मुद्दाम आलेली वडीलधारी मंडळी, आजची सत्कारमूर्ती कुमारी मधुमिता, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना वसंताचा नमस्कार.

मी स्वयंपाकीण. बाहेर तमिळ, घरात मराठी, असा आपला जन्म गेला. सभेतली मराठी मला सोवळ्यासारखी जपून नेसावी लागते, तेवढं सांभाळून घ्या.

ही पोर चेन्नईची चांगली नोकरी सोडून कुंभकोणमला परत आली आणि स्वतंत्रपणे जाहिरातीचं काम करू लागली. वर साहेब नाही, ऑफिस नाही. पितळी दिव्यांची दुकानं, रेशमाचे विणकर, आपला कॉफीवाला सुंदर, मुलींचं वसतिगृह, ज्याला ज्याला चार माणसांपर्यंत पोचायचं होतं त्याचं काम ती करायची. गल्लीत लोक काय म्हणायचे? "दिवसभर मोबाइल चोळते आणि त्याला काम म्हणते!" हसताय कशाला? म्हणणारे पुढच्याच रांगेत बसलेत.

तिची एक रीत आहे. काम हाती घेण्याआधी त्या जागी जाऊन ती दिवसभर नुसती बसते. सुंदरच्या दुकानात बसली तेव्हा त्याला वाटलं, पोरीला घरी कोणी जेवायला घालत नाही की काय!

आता आमच्या छत्राचं सांगते. इस्पितळात रोग्याबरोबर आलेल्या माणसांना दुपारचं जेवण आम्ही फुकट घालतो. अण्णांच्या वडिलांनी नियम घालून दिला होता, या हाताचं दान त्या हाताला कळू नये. म्हणून पाटी नाही, नाव नाही, फोटो नाही. अहो, दारसुद्धा बोळाच्या आत! इतकं गुपचूप पुण्य, की जेवणाऱ्यालाही पत्ता लागू नये. रोज भात उरायचा. गल्लीतल्या गायी मात्र गुबगुबीत झाल्या. शेवटी विश्वस्तांनी ठरवलं, कोणी येतच नाही, तर आडी, म्हणजे आषाढाचा तमिळ महिना, संपला की छत्र बंद. उभा जन्म माझा त्या चुलीपुढे गेलेला. मी पदर तोंडाला लावून रडले.

हे ऐकून मधुमिता आली. आमच्याकडे नाही बसली, इस्पितळाच्या आवारात जाऊन बसली. संध्याकाळी परतली ती लालबुंद होऊन. "अक्का, पलीकडे माणसं चहात बन बुडवून दिवस काढताहेत, आणि तुम्ही गायींना सार-भात घालता?"

अण्णा म्हणाले, "वडिलांचा नियम मोडायचा नाही."

"नका मोडू. देणाऱ्याचं नाव लपवा, अण्णा. अन्न कशाला लपवता?"

अण्णांनी हातानेच 'कर काय ते' अशी खूण केली.

तिने फोन माझ्या तोंडापुढे धरला. म्हणाली, "भाषण नको. दारात आलेल्याला विचारता तसं विचारा." मी आपली तमिळमध्ये बोलले, "साप्टाच्चा? जेवण झालं का, कण्णा, बाळा? नसेल झालं तर इस्पितळामागच्या बोळात या. नाव कोणी विचारणार नाही." एवढंच. ते तिने रिक्षावाल्यांना, नर्सबायांना, फाटकातल्या फुलवालीला पाठवलं. कोणाचा फोटो नाही, अण्णांचं नाव नाही.

छत्राचा शेवटचा दिवस उजाडला. कुलूप लावायला अण्णा स्वतः आले होते. आणि बघते तर काय, बोळ भरून माणसं! रांग थेट रस्त्यापर्यंत!  केळीची पानं कमी पडली, भाताचं पातेलं खरवडलं, पुन्हा चूल पेटवली.

रांगेत पट्टीश्वरमची एक बाई होती. तिची लेक आत दाखल होती. मी वाढायला गेले तर तिने माझा हातच धरला. म्हणाली, "अम्मा, तो आवाज तुमचाच ना? या गावात आल्यापासून डॉक्टर लेकीचं विचारतात, नर्स लेकीचं विचारतात. मी जेवले का, हे तुम्हीच विचारलंत. फुलवालीने ऐकवलं तेव्हा मी फोनलाच उत्तर दिलं, अम्मा. मोठ्याने म्हणाले, नाही जेवले."

मंडळी, त्या फोनमध्ये माझा आवाज आहे, मी नाही. तरी त्या बाईला कोणीतरी विचारलं होतं. ही कुठली विद्या आहे? मला अजून उमगलेली नाही. मधुमिते, वयाने मी मोठी, पण आज तुला हात जोडते. नको म्हणू नकोस.

हा सत्कार ठेवून ज्यांनी मला बोलायला उभं केलं त्या मंडळाची मी ऋणी आहे, आणि शांतपणे ऐकलंत म्हणून तुम्हा सर्वांचीही. उणं-अधिक काही बोलले असेन तर भातातल्या खड्यासारखं बाजूला काढा. आणि अण्णा, तुम्ही सांगू नको म्हणून बजावलं होतंत, तरी सांगते, तेवढी माफी असावी. ती बाई बोलत होती तेव्हा तुम्ही माझ्या मागेच उभे होता. कुलूप खिशात घातलंत, डोळे पुसलेत आणि मला विचारलंत, "वसंता, उद्या तांदूळ किती लागतील?"