लाल शेपटीचं विमान

पासपोर्टच्या रांगेत एक शिक्षिका उभी होती. पुढच्या वयस्कर नवरा-बायकोचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"घरात चाळीस विमानं बनवलीत, आणि खऱ्या विमानात बसायचं म्हटलं की घाबरता!"

"बनवतो म्हणूनच. सगळं चिकटवून झालं तरी खोक्यात दोन तुकडे उरतात. खऱ्या विमानांचेही उरत असतील."

"काहीतरीच तुमचं. तिकडे परदेशात लेकीला काय सांगू, बाबा का नाही आले?"

"सांग, बाबांचे गुडघे दुखतात."

"गच्चीवर पालथं पडून विमानांचे फोटो काढताना बरे दुखत नाहीत! आणि नातीला फोटो पाठवायची हौस कुणाला होती?"

"मागे ढग आले की अगदी उडतंय असं वाटतं गं. म्हणून पाठवला."

"तिलाही तसंच वाटलं. आजोबा लाल शेपटीच्या विमानातून निघाले म्हणते. शाळेतून आली की खिडकीत जाऊन बसते."

"रोज?"

"रोज. लेक सांगत होती, जेवायलाही उठत नाही."

"मला का नाही बोललीस?"

"बोलून काय झालं असतं? अजून एक फोटो पाठवला असतात."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"अर्ज एकट्या बाईंचाच ना?" कारकुनाने विचारलं.

"हो," आजी म्हणाल्या.

"नाही, थांबा साहेब. अजून एक कोरा अर्ज द्या," म्हणत आजोबा मागे वळले. "बाई, जरा पेन देता?"

शिक्षिकेने टोपण काढूनच पेन पुढे केलं.

"अहो, आणि ते उरलेले दोन तुकडे?"

"उरू देत. नाव बरोबर लिहितोय ना, तेवढं बघ."