चढावरची रेती

भैयाजी : म्हणजे पाच वाजता पाहुणे येणार आणि आपली ही टेबलावरची छोटी गाडी चढावर अडणार. हे मी मंचावरून जाहीर करू?

जहीर : अडत नाई सर, घसरते. चाकं जाग्यावरच फिरून राह्यले. मी कूलर बनवतो, इंजिन पहिल्यांदा बनवलं, पण मोटर एकदम फर्स्टक्लास आहे. प्रॉब्लेम चढाचा आहे, अन् चढ तुमच्या नकाशाबरहुकूम आहे.

भैयाजी : चौतीस वर्षं भूगोल शिकवला, त्याचं हे फळ. पत्रिकेत छापलंय, 'बंद पडलेल्या लहान रेल्वेलाईनची हुबेहूब प्रतिकृती'.

जहीर : मग हुबेहूब घसरून राह्यली ना. विचारा झिंगूभाऊले.

झिंगू : खरी गाडी बी तिथीच घसरे जी. जिवतीच्या वळणापुढं.

भैयाजी : झिंगूभाऊ, तुम्ही झाडांकडे बघा. स्पंजाचे साग तुम्हाला छान जमतात.

झिंगू : झाडं झाले. घरचा भांडे घासाचा स्पंज बी रंगवून लावला. बायको शोधून राह्यली.

भैयाजी : जहीर, चढ काढून टाक. प्लॅस्टरच तर आहे. तासाभरात सपाट होईल.

झिंगू : सपाट काऊन करता? माही नोकरी होती तिथी.

भैयाजी : चढावर नोकरी? अहो, स्टेशनमास्तर, गार्ड, ड्रायव्हर, सगळ्यांचे फोटो मिळवून भिंतीवर लावले. चढावरचा माणूस असा हुद्दा काही मला सापडला नाही.

झिंगू : हुद्दा गँगमनचा. काम रेतीचं. चैतात मोहफूल रुळावर पडे. चाकाखाली चेंदलं का रूळ साबणावानी. पावसाळ्यात सागाचा पाला. इंजिनाले रेतीच्या डब्या होत्या, पण ओल धरली का नळी बंद. मंग मी घमेलं घेऊन इंजिनाच्या समोर चालो. एक मूठ इकडल्या रुळावर, एक तिकडल्या. एकोणतीस वर्षं.

जहीर : मोहावर इंजिनबी डोलायचं म्हणा. मग माणसाचा काय कसूर?

भैयाजी : मी बारा वर्षं त्याच गाडीनं शाळेत गेलो. मला तर कधी चढ जाणवला नाही.

झिंगू : कसा जाणवन? गाडी हलकी व्हावी म्हणून बायका खाली उतरत, मोळ्या डोक्यावर घेऊन पायी चढत. तुमी खिडकीपाशी पेपर वाचत बसाचे. एकडाव मले म्हणले, बाबा रे, धूळ उडवू नको.

भैयाजी : असं मी म्हणालो?

झिंगू : पेपर खाली न करता म्हणले.

जहीर : सर, एक बोलू? दोन फूट जागा सेल्फी पॉइंटले गेली. त्या लाईनीवर सेल्फी पॉइंट कधी होता? कमिटीच्या एक्केचाळीस नावांचा बोर्ड स्टेशनाहून मोठा आहे. जे नव्हतं ते सगळं बसवलं, अन् जे होतं ते तासाभरात सपाट.

भैयाजी : त्या सदस्यांनी चार महिने श्रमदान केलंय.

जहीर : केलं ना. फोटोत घाम बी दिसते. हातावर प्लॅस्टर तेवढं कोणाच्या दिसत नाई.

भैयाजी : तुझं तोंड वेल्डिंगपेक्षा जास्त ठिणग्या उडवतं. हे बघा झिंगूभाऊ, इथे भावनेचा प्रश्न नाही. लोक टाळ्या वाजवायला येणार. गाडी निघाली, जंगल फिरली, परत आली, एवढंच त्यांना दिसलं पाहिजे.

झिंगू : मंग त्यात माह्यं काय राह्यलं? रूळ उखडून नेले, चौकी पाडली. पेन्शनीच्या कागदाशिवाय माह्यापाशी काई नाई. नात साक्षी ऊर्जानगरहून ड्युटी बदलून येऊन राह्यली. म्या म्हटलं, ये, तुह्या आज्यानं काय काम केलं ते दाखवतो. तिले सपाट प्लॅस्टर दाखवू?

भैयाजी : ...बरं. चढवून दाखवा गाडी. चढली तर चढ राहील. नाहीतर जहीर छिन्नी घेईल.

झिंगू : जहीर, रेती हाय का?

जहीर : बाहेर बांधकामाची पडली आहे. पण मोठी आहे, माझ्या इंजिनाच्या चाकाखाली दगड होईल ती.

झिंगू : चहाच्या गाळणीनं गाळ. चुलीपाशी वाळवून आण, ओली चालत नाई.

(जहीर गाळलेली रेती बशीत आणून देतो. झिंगू वाकून इंजिनाच्या पुढं दोन्ही रुळांवर चिमटीनं रेती सोडत जातो. गाडी चढावर येते, एकदा घसरते, मग चाकं धरतात.)

जहीर : चढली सर. चारी डबे घेऊन.

भैयाजी : दिसतंय मला.

झिंगू : ज्यादा पडली का चाक अडते, कमी पडली का फिरते. हातालेच समजते ते.

भैयाजी : ठीक आहे. चढ राहू द्या. फक्त एक करा, तुम्ही टेबलाच्या मागं, कापडाच्या आड बसा. रेती सोडायला हात तेवढा बाहेर काढा. पाहुण्यांना वाटेल, गाडी आपोआप चढतेय.

झिंगू : नाई जी. आपोआप कधीच चढली नाई थे. मी इथी समोर उभा राहीन.

भैयाजी : अहो, पाहुणे विचारतील ना, हे गृहस्थ मधेच वाकून काय करताहेत? मी काय सांगू त्यांना?

झिंगू : आता पाह्यलं ना तुमी. तेच सांगजा.