गादीची उसवलेली कड

(कुलोब शहर, भर दुपार. ट्रकड्रायव्हर सैदमुरादच्या धाकट्या बायकोचं, मेहरांगेजचं घर. थोरली, सबोहत, दारातच उभी आहे.)

सबोहत : चहा ठेवू नकोस. तुझ्या घरचा चहा प्यायला आले नाही मी.

मेहरांगेज : ठेवलाय, आपा. सवत झाली तरी पाहुणी. आत या, बाळ झोपलंय.

सबोहत : दिसतंय. कान थेट सैदमुरादचे. बघवत नाही मला.

मेहरांगेज : मग बघू नका. दृष्ट लागेल त्याला.

सबोहत : बरं, नाही बघत. उद्या कबुलीजबाबावर सही करणार म्हणे तू?

मेहरांगेज : करणार. गादी मी शिवली, आतलं हेरॉईन मीच भरलं. त्यांना फक्त पोचवायला दिली होती. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

सबोहत : अगंबाई! पोपटासारखी बोललीस. कुणी पढवलं?

मेहरांगेज : पढवायचं काय त्यात? नाक्यावर त्यांच्या ट्रकमध्ये गादी सापडली, तेव्हा तपास अधिकाऱ्याला तुम्हीच सांगितलंत ना, टाके धाकटीचे म्हणून?

सबोहत : सांगितलं. सांगताना जीव कसा गार झाला. पण अर्धंच सांगितलं मी.

मेहरांगेज : म्हणजे?

सबोहत : एका कडेची हातभर शिवण उसवून पुन्हा घातलीय. ते टाके तुझे नाहीत.

मेहरांगेज : माझेच आहेत. घाईत वाकडे पडले असतील.

सबोहत : मला शिकवतेस? लढाईच्या वर्षी ट्रक बंद होता, घरात पीठ नव्हतं. अख्खा हिवाळा आम्ही दोघांनी लोकांच्या गाद्या शिवल्या. त्याला सुई धरायला मी शिकवलंय. आजवर कुणाला कळू दिलं नाही त्यानं, लाज वाटते पुरुषासारख्या पुरुषाला. तो टाका मी आंधळी झाले तरी ओळखीन.

मेहरांगेज : हळू बोला, आपा. भिंतीपलीकडे माणसं आहेत.

सबोहत : एक सांग. शिवताना तुझ्याशेजारी बसला होता?

मेहरांगेज : इथं तुरुंगाची वेळ आलीय आणि तुम्ही काय विचारताय!

सबोहत : आधी हे सांग. तुझ्याशेजारी बसून शिवलं त्यानं?

मेहरांगेज : नाही हो. मला म्हणाले, बाळाला घेऊन दोन दिवस आईकडे जाऊन ये. परतले तर ते गादी घेऊन निघालेही होते.

सबोहत : हं. बरं झालं. बसते जरा. दे तो चहा.

मेहरांगेज : कोठडीतून दिराकरवी निरोप धाडलाय त्यांनी. लहान मूल असलेल्या बाईची शिक्षा मूल आठ वर्षांचं होईस्तोवर पुढे ढकलतात, मग माफच करतात. विश्वासानं मागितलंय त्यांनी माझ्याकडे.

सबोहत : तुझ्याकडे! सतरा वर्षं त्याची बायको आहे मी, मला एका शब्दानं विचारलं नाही!

मेहरांगेज : तुमची मुलं मोठी आहेत म्हणून.

सबोहत : म्हणजे तुला नाही निवडलं त्यानं. तुझ्या पाळण्याला निवडलं.

मेहरांगेज : तुमच्या पोटात दुखतंय, आपा.

सबोहत : दुखतंयच! तीन वर्षं दुखतंय. परवा वकीलबाईकडे कशाला गेले होते मी? तुझी शिक्षा पुढे ढकलता येऊ नये म्हणून काही तोड आहे का, ते विचारायला. तू सही करून मोकळी फिरणार आणि तो जन्मभर तुझे उपकार मानणार, हे मला सोसवेना.

मेहरांगेज : काय म्हणाली ती?

सबोहत : म्हणाली, काही करायची गरजच नाही. ही सवलत किरकोळ गुन्ह्यांना. दोन किलो हेरॉईनला नाही. बारा वर्षं, तीही लगेच. सैदमुरादनं कायदा ट्रकअड्ड्यावर ऐकलाय.

मेहरांगेज : बारा? आणि बाळ?

सबोहत : माझ्याकडे वाढेल. मलाच आई म्हणेल.

मेहरांगेज : मग झालंच की तुमच्या मनासारखं! मला कशाला सांगायला आलात?

सबोहत : मलाही वाटलं होतं, घरी जाऊन शेजारणींना पुलाव घालावा. दोन रात्री डोळा लागला नाही. ऐक. उद्या मी उरलेलं अर्धं सांगणार. तू माहेरी होतीस ते तू सांग, तुझी आई सांगेल. सही करू नकोस.

मेहरांगेज : मग ते जातील.

सबोहत : जाईल.

मेहरांगेज : मी जाईन भेटायला. दर महिन्याला जाईन, कितीही लांब असो.

सबोहत : तुला आत सोडणार नाहीत. तुझा नुसता निकाह झालाय, तो तुरुंगवाल्यांना चालत नाही. सरकारी कचेरीतला लग्नाचा कागद लागतो. तो माझ्याकडे आहे.

मेहरांगेज : अस्सं! म्हणून आलात होय. माझी दया येऊन नाही.

सबोहत : दोन्ही आहे गं. किती कुठलं, ते मला विचारू नकोस.

मेहरांगेज : तुम्हाला तरी कितीसं भेटू देणार?

सबोहत : वर्षातून तीन-चारदा. एक खोली देतात, चूल देतात, आणि तीन दिवस बाहेरून कडी. त्या गाद्यांच्या हिवाळ्यानंतर सलग तीन दिवस तो माझ्याजवळ राहिलाय, असं मला आठवत नाही.