गार्गी नावाची श्रोती

अनुपमा : मग गार्गीच्या बाळाचं नाव काय ठेवलं होतंत तुम्ही? ते तरी सांगा.

शेखर : हळू बोल, छकुली उठन. आई बी आतच हाय.

अनुपमा : त्या बाळासाठी मी लोकरीची टोपी विणायला घेतली होती. पाठवायला पत्ता मागितला, तर गार्गी चार दिवस गाणं ऐकायला फिरकली नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं.

शेखर : नाव नव्हतं ठेवलं. नुसतं बाळ म्हणो मी.

अनुपमा : गार्गी म्हणजे तुम्हीच, हे आईंमुळे कळलं मला. छकुलीचे कपडे पिशवीत भरता भरता म्हणाल्या, न्हाऊ घालताना तुझा हात सुटंन असं वाटते ना तुले, मंग राहू दे पोरीले माझ्यासंगं अमडापूरले. हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. गार्गीला. आणि नागपूरच्या गार्गीला तुमच्या आई कशा माहीत असणार?

शेखर : मी आईले इतकंच म्हटलं का तू थकली आहे.

अनुपमा : शेखर.

शेखर : हाव. हाताचं बी सांगतलं.

अनुपमा : कधीपासून गार्गी आहात?

शेखर : तू कॉम्प्युटरवरच्या त्या आभासी जगात गायले लागली, तवापासूनच. पहिल्यांदा नुसतं पाहाले गेलो. म्हटलं, बायको दुपारी दार लावून कोणाले गाणे म्हणून दाखवते? कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात सीझन नसला का दुपारी काम नसते. उघडलं कॉम्प्युटर. तर ते गोल तळं, काठावर तुझा स्टेज, समोर खुर्च्यांवर ऐकणाऱ्यांच्या बाहुल्या, अन तू गाऊन राह्यली. आवाज खराखुरा तुझा. गाणं बी तुझंच, म्हणजे तूच लिहिलेलं.

अनुपमा : मग स्वतःच्या नावाने यायचं होतं.

शेखर : नवरा येऊन बसला असता तर गायली असती तू?

अनुपमा : गायले असते. आवाज जरा बारीक निघाला असता, पण गायले असते.

शेखर : बाईची बाहुली मी मुद्दाम नव्हती घेतली. घाईत जे पहिलं दिसलं ते घेतलं. गाणं झाल्यावर तू एकेकाले नाव घेऊन विचारलं, कसं वाटलं. म्हणे, गार्गीताई, तुम्ही काहीच लिहिलं नाही. मी टाइप केलं का डोळ्यात पाणी आलं. ते खरं होतं, अनुपमा.

अनुपमा : त्या संध्याकाळी घरी येऊन काय म्हणालात, आठवतं? भाजीत मीठ कमी आहे.

शेखर : मीठ कमीच होतं.

अनुपमा : बाकीचे श्रोते टाळ्या देऊन निघून जायचे. दुबईचा एक जण रोज म्हणायचा, चाली छान लावता, अल्बम काढा. गार्गी तसलं काही बोलायची नाही. मागे थांबायची आणि विचारायची, जेवलीस का, झोप झाली का. खरं सांगू? पुढे पुढे मी गाण्यासाठी नाही, त्यानंतरच्या त्या गप्पांसाठी दुपारची वाट बघायचे.

शेखर : घरात विचारलं का तू म्हणायची, सगळं ठीक आहे.

अनुपमा : घरात तुम्ही चपला घालता घालता विचारायचात.

शेखर : बरं, चुकलं माझं. पण मी परका माणूस तर नव्हतो? कोणी भलताच असता तर?

अनुपमा : आधी मलाही वाटलं, राग त्याचाच आलाय. बाई होऊन आलात, लपून ऐकलंत, आईंना सांगितलंत. पण ते नाही. मी लिहिलं होतं, छकुलीला न्हाऊ घालताना मनात येतं की हात सुटेल आणि मी नुसती बघत राहीन. त्यावर गार्गीने काय लिहिलं?

शेखर : लिहिलं का... मलाही तसं व्हायचं.

अनुपमा : मलाही व्हायचं. पुष्कळ जणींना होतं, कोणी सांगत नाही. माझं बाळ जरा मोठं झालं आणि ते वाटणं आपोआप गेलं. असं. दुसऱ्या दिवशी मी दार लोटून एकटीने तिला न्हाऊ घातलं. गात गात. त्याचंच पुढं गाणं झालं आणि ते मी गार्गीचं नाव घेऊन गायले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

शेखर : तुले बरं वाटावं म्हून लिहिलं मी. अन वाटलं ना बरं?

अनुपमा : वाटलं. माझ्यासारखं झालेली एक आई होती कुठंतरी, आणि तिचं बाळ चांगलं वाढत होतं. आता ती आई नाही आणि ते बाळही नाही. मग तसली मी एकटीच उरले.

शेखर : मी कुठं मनानं लिहिलं? नेटवर वाचलं होतं, लई जणींले होते म्हून.

अनुपमा : मग वाचलंय म्हणायचं. चल, डॉक्टरांकडे जाऊ म्हणायचं. आले असते मी. मला झालंय, असं कशाला म्हणालात?

शेखर : तुले धीर देल्ला, पण मलेच झोप नाही लागली मंग. ऑफिसात बसलो तरी न्हाणीच दिसे डोळ्यांपुढं. म्हून आईले बोलावलं. पोरीचा बाप हाओ मी.

अनुपमा : म्हणजे तिकडं लिहायचं, काही होत नाही, आणि इकडं पिशवी भरायची.

(सुभद्राबाई कपड्यांची पिशवी घेऊन दारात येतात.)

सुभद्राबाई : शेखर, ही पिशवी रिकामी कर. दुपटे घडी करून ठेव. पोरगी कुठी जात नाही.

शेखर : आई, तूच तं म्हणे का...

सुभद्राबाई : तुनं मले अर्धंच सांगतलं, म्हून म्हणे मी. आता समदं ऐकलं आतून. बायकोच्या मनातलं असं काढून घेत असतेत का बे? जाय, पोरीजवळ बस. अनुपमा, तू इकडं ये बाई. हा झाला तवा मी याले पाळण्यात टाको अन ओसरीत जाऊन बसो. हात लावाचं भेव वाटे. काय काय ये मनात. याच्या बापाले सांगतलं नाही, सासूले तं नाहीच. मंग हा मोठा होत गेला, अन कवा गेलं ते भेव, समजलं बी नाही.

अनुपमा : आई, हे खरंच झालं होतं? का यांनी तुम्हाला असं सांगायला सांगितलं?

सुभद्राबाई : तो काय सांगन? आजपावतो कोणालेच माहीत नाही हे.

अनुपमा : खरं असेल, आई. पण गार्गीचंही मला इतकंच खरं वाटलं होतं.