गणेशचं वजन

मी चाकणच्या अंगाचा, सात पिढ्या हितल्याच आमच्या, रानात कांदा लावायचा न सांजच्याला मातीत कबड्डी खेळायची, आता रानात कंपनी उभी हाय, पर मैदान तेवढं राखलंय आमी. दुपारचं लिंबाखाली पडलं की डोळं आपोआप मिटत्यात न मला तालुक्याच्या स्पर्धेची ढाल दिसती, वीस वर्सं तीच दिसती, काय सांगू तुम्हाला, हात लावायला जातो न जाग येती.

गडी टिकत न्हाईत हो. जरा चढाई जमाया लागली की भोसरीचा संघ उचलतो, तिथं मॅट हाय, कंपनीत पर्मनंट लावत्यात. आमी काय देणार, माती न जेवण.

तर गणेश आला, परभणीकडचा, कंपनीत कंत्राटी कामगार, अंगानं वाळकुडा, पर चढाईला गेला की कुणाच्या हाताला लागायचा न्हाई. म्हणला, काका, तुमच्याकडं खेळू का? मला वाटलं मी अजून लिंबाखालीच झोपलोय. गावानं ठरवलं, ह्याला जाऊ द्यायचा न्हाई. शिफ्ट सुटली की रोज एका घरी जेवण, मटण, पुरणपोळी, वरनं तुपाची धार, न्हाई म्हणला की आमची कारभारीण रुसायची, घे रे अजून एक, हितं आई न्हाई तुझी.

न स्पर्धा पासष्ट किलो गटाची! कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यावर उभा केला तर सदुसष्ट. स्वेटर घालून उन्हात पळवला, तरी किलोभर जास्तच. गणेश रेषेबाहेर बसून रडला न आमी पयल्याच फेरीत हरलो. चूक माझी, मी जुना खेळाडू, मला कळाया पायजे व्हतं.

भरल्या अंगाचा गडी खुल्या गटाला चालतो, तिथं वजनाची अट न्हाई, भोसरीवाल्यांनी बरोबर हेरला. बॅग घेऊन दारात आला, काका, जाऊ का? माझ्या मनात त्याला सोडायचं न्हाई व्हतं, पर म्हणलो जा बाबा, पर्मनंट नोकरी मिळतीया, सोडू नगं.

औंदा खुल्या गटाच्या सामन्याला आमच्याच मैदानावर तो आमच्याइरुद्ध चढाईला आला. आमच्या चौघांनी त्याला घेरला, न मी बाजूला उभा ऱ्हाऊन वरडलो, सुट गणेश, सुट! सारं गाव माझ्याकडं बघाया लागलं. सुटला तो, मधल्या रेषेला हात टेकला न हसला माझ्याकडं बघून. हरलो आमी. हरू दे. कबड्डीत पयले गुडघेच जात्यात, त्याचे शाबूत ऱ्हावू देत, एवढंच म्हणतो मी आता.