अकरा फ्रेममधला डाग

एर्सिलिया — थांबव! थांबव म्हटलं ना. शी! पडद्यावर माझ्या दातात अडकलेलं काहीतरी दिसतंय.

रुज्जेरो — थांबवलं, सिन्योरा. पालक असावा.

एर्सिलिया — त्र्याहत्तर साली असलं काही दिसायचं नाही हं. अर्धं थिएटर सिगरेट ओढायचं. लोक धुरातून खून बघायचे, सगळं कसं सभ्य वाटायचं.

बेलिसारिओ — तीच तर किमया आहे, सिन्योरा एर्सिलिया! मूळ निगेटिव्हवरून एकेक फ्रेम धुऊन-पुसून घेतलीय. आमच्या रुज्जेरोनं सात महिने घातलेत. ‘शिंपिणीच्या खिडकीतली पाल’ बावन्न वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ!

एर्सिलिया — स्वच्छ? पाच बायका वस्तऱ्यानं कापल्यात त्यात. खाटीकखान्याला अंघोळ घातली म्हणून त्याचं चर्च होतं होय? आणि पाल कुठाय? मला तरी आजवर दिसली नाही.

बेलिसारिओ — त्या काळी खूनपटाच्या नावात एक जनावर लागायचंच. असो. आता तुम्ही या माइकसमोर बसायचं आणि चित्रपट चालू असताना बोलत राहायचं. घरी डिस्क लावणाऱ्याला वाटलं पाहिजे की तिसरी मेलेली बाई शेजारी सोफ्यावर बसून गप्पा मारतेय.

एर्सिलिया — तिसरी मेलेली बाई. आभारी आहे, दोत्तोरे.

बेलिसारिओ — कौतुकानं म्हणालो हो. चार वाजता सगळा माल छापायला रवाना होणार. रुज्जेरो, यांचा खून लाव.

रुज्जेरो — लावतो. सिन्योरा, त्याआधी एक विचारायचं होतं. तुमच्या शॉटमध्ये रक्ताचा रंग वेगळाच येत होता. काळपट. बाकी चौघींचं मस्त लाल आहे, टोमॅटोच्या रशासारखं. तुमचं जुळवायला मला तीन दिवस लागले.

एर्सिलिया — कशाशी जुळवलंस?

रुज्जेरो — बाकीच्या रक्ताशी.

एर्सिलिया — बाळा, बाकीचं सरबत होतं. हे माझं होतं.

रुज्जेरो — तुमचं म्हणजे?

एर्सिलिया — म्हणजे माझं. आतलं. हे बघ.

(ती ब्लाउजची कॉलर बाजूला सारते. गळ्याच्या हाडापासून खांद्यापर्यंत जुन्या टाक्यांची रेघ.)

रुज्जेरो — देवा! आणि मी... मला वाटलं, तुमच्या वेळचा रंग नासला असेल.

एर्सिलिया — तुझं काय चुकलं? खरं होतं, म्हणून पटलं नाही. माझी किंकाळीसुद्धा त्यांनी घेतली नव्हती.

बेलिसारिओ — आवाज तर सगळ्यांचेच मागाहून भरायचे, सिन्योरा. रीतच होती.

एर्सिलिया — अहो, पण मी खरोखरीची ओरडले होते! दिग्दर्शक आमचे माएस्त्रो. ते म्हणाले, नाटकी वाटतंय. मग त्या फेर्नांदाला आणलं. एक किंकाळी मारायची आणि पुढचीची पाळी येईपर्यंत जावयाचा स्वेटर विणायची. पडद्यावर रक्त माझं, बोंब फेर्नांदाची.

रुज्जेरो — आणि तो शॉट त्यांनी तसाच चित्रपटात ठेवला?

एर्सिलिया — पोस्टरवरसुद्धा लावला.

रुज्जेरो — पण हे झालं कसं?

बेलिसारिओ — डिस्कसोबतच्या पुस्तिकेत सगळं आहे, पान नऊ. सामान सांभाळणाऱ्याचा निष्काळजीपणा. माएस्त्रोंच्या कन्येनं फार हळुवार लिहिलंय.

एर्सिलिया — सामान सांभाळणारा म्हणजे माझा भाऊ. ओरेस्ते. त्यानंच मला या धंद्यात आणलं, आणि त्यानंच कापलं. वस्तरे दोन असायचे. एक धारेचा, नुसता दिव्यात चमकवायला. दुसरा बोथट, गळ्यावर फिरवायला. काळे हातमोजे घालून खुन्याचे हात माएस्त्रो स्वतःच करायचे. दुसऱ्याच्या हातून खून झाला तर त्यांना जेवण जायचं नाही. पण त्या दिवशी म्हणे त्यांची पाठ धरली. मोजे ओरेस्तेला दिले, आणि त्या गाढवानं धारेचा उचलला.

रुज्जेरो — तुम्ही पाहिलं त्याला?

एर्सिलिया — मी काय बघणार? एवढा मोठा दिवा डोळ्यांत. मोजे दिसले, पातं दिसलं, नंतर छत. मी नुसत्या परकरावर होते ना, म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. ओरेस्ते म्हणाला, मलाही काढलं, बहीण परकरावर असताना मी कशाला आत थांबू? मी दाराबाहेर होतो म्हणाला. माएस्त्रो म्हणाले, आतच होता. कॅमेऱ्यावर माएस्त्रोंचा मेहुणा होता, तोही म्हणाला आतच होता.

रुज्जेरो — मग तुम्ही कुणाचं खरं धरलं?

एर्सिलिया — जो रडला त्याचं. माएस्त्रो नऊ दिवस इस्पितळात आले. रोज क्रीमचे पाव आणायचे, माझा हात धरून ढसाढसा रडायचे, आणि निम्मे पाव स्वतः खायचे. ओरेस्ते एकदा आला. भिंतीला टेकून उभा राहिला, म्हणाला, ‘मी बाहेर होतो.’ डोळ्यांत टिपूस नाही. मी तोंड फिरवलं. आईला सांगितलं, यानंच केलं. आईनं त्याला पुन्हा घरात दाढीसुद्धा करू दिली नाही. नंतर एकाही स्टुडिओनं दारात उभा केला नाही. आंझिओच्या मासळीबाजारात बर्फ फोडण्यात जन्म गेला त्याचा.

बेलिसारिओ — फारच हृदयद्रावक. हे सगळं माइकवर असंच सांगा, फक्त थोडं हलकंफुलकं. रुज्जेरो, तो डाग पुसलास ना?

रुज्जेरो — तेच राहिलंय. धूळ, ओरखडे, केस असली घाण मशीन शोधून काढतं. या शॉटमध्ये ते म्हणतं, अकरा फ्रेममध्ये घाण आहे, मोजा आणि बाही यांच्या मधल्या फटीत. पण मी पुसायला गेलो तर ती हाताबरोबर सरकते. फिल्मवरची धूळ हाताबरोबर कशाला सरकेल?

बेलिसारिओ — अरे बाबा, सरकेना का! चित्रपटात शेवटी खुनी एक शाळेतली बाई निघते. तिच्या मनगटावर डाग नाही. प्रेक्षक पत्रं पाठवतात हल्ली. पुसून टाक.

एर्सिलिया — दाखव मला.

बेलिसारिओ — अर्ध्या सेकंदाचा मामला आहे, सिन्योरा...

एर्सिलिया — तुम्हाला नाही विचारलं. मोठं कर, बाळा. अजून मोठं.

रुज्जेरो — हे असं. तांबडा आहे. जन्मखूण वाटते. तुमच्या भावाच्या हातावर होती का?

(एर्सिलिया उठून पडद्याजवळ जाते आणि डागावर बोट ठेवते.)

रुज्जेरो — सिन्योरा? काय झालं?

एर्सिलिया — माझ्या भावाच्या मनगटावर काही नव्हतं. काही म्हणजे काही नव्हतं. हा सार्डिनिया आहे.

बेलिसारिओ — कोण?

एर्सिलिया — सार्डिनिया बेट. तसाच आकार. माएस्त्रो त्यावर रुंद पट्ट्याचं घड्याळ बांधायचे. रडायला लागले की हुंदक्यागणिक ते वर सरकायचं आणि खाली हा डाग. नऊ दिवस बघितलाय मी, याच हातानं त्यांनी माझा हात धरला होता. मोजे चढवायचे म्हणून घड्याळ काढलं असणार मेल्यानं.

रुज्जेरो — मशीनला वाटलं घाण आहे.

एर्सिलिया — मशीनला बरोबर कळलं. मलाच बावन्न वर्षं कळलं नाही.

बेलिसारिओ — हे बघा, माएस्त्रो स्वर्गवासी झाले...

एर्सिलिया — स्वर्गात? त्यांनी तिथलंसुद्धा कुणीतरी कापलं असेल.

बेलिसारिओ — ...आणि तेव्हा तुरुंगात गेले असते तर चित्रपट पुराच झाला नसता. त्यांच्या बाजूनंही विचार करा. त्यांच्या कन्येची प्रस्तावना छापून तयार आहे. रुज्जेरो, पूस.

एर्सिलिया — हात लावशील तर बघ. आणि तुम्ही, दोत्तोरे, हा माइक उचला आणि माएस्त्रोंच्या त्या मेहुण्याच्या कबरीवर नेऊन लावा. मी एक अक्षर बोलणार नाही.

बेलिसारिओ — सिन्योरा, डिस्कच्या पेटीवर तुमचं नाव छापलंय! तुमच्या आवाजाशिवाय... थांबा. एक मिनिट. म्हणजे या चित्रपटात रक्त खरं आहे?

एर्सिलिया — मघापासून काय सांगतेय मी?

बेलिसारिओ — आणि खुद्द माएस्त्रोंनी काढलेलं! आणि कुणालाच माहीत नाही! अहो, जपानात दोन दिवसांत संपेल. पेटीवर गोल लाल स्टिकर: ‘आता खऱ्या रक्तासह’. रुज्जेरो, डाग राहू दे. डागावर जरा उजेड वाढव. आणि रक्त परत काळपट कर.

रुज्जेरो — तीन दिवस लागले होते, दोत्तोरे.

बेलिसारिओ — बिघडवायला तीन दिवस कशाला लागतात?

एर्सिलिया — मघाशी पुसायला निघाला होता, ते बरं वाटायला लागलंय.

बेलिसारिओ — भावना समजू शकतो. प्रस्तावना मी बघतो, कन्येला टक्केवारीत काहीतरी देऊ. तुम्ही बोलाल ना मग?

एर्सिलिया — बोलते. पण त्या स्टिकरवर माझं रक्त नको. लिहा, ‘हा हात ओरेस्ते पालोत्तिनीचा नव्हता.’

बेलिसारिओ — स्टिकर एवढुस्सा असतो, सिन्योरा. त्यावर कोण ओरेस्ते म्हणतील लोक.

एर्सिलिया — म्हणू देत. तेच म्हणायला हवंय मला. नाहीतर उठते.

बेलिसारिओ — बरं, बरं. पेटीच्या पाठीमागच्या बाजूला घेतो. पुस्तिकेतही दुरुस्ती करतो. पण हयात माणसाचं नाव आहे. त्यांची संमती लागेल. लेखी नंतर पाठवू द्या, आत्ता फोनवर चालेल, रुज्जेरो साक्षीला आहे. भाऊच तुमचा, तुम्हीच विचारा. मी स्टिकरवाल्याला गाठतो तोवर.

रुज्जेरो — गेले. दार लावून घेऊ का?

एर्सिलिया — लाव. या माणसाला बघून मला माएस्त्रोंची आठवण येते. तेसुद्धा इतकेच प्रेमळ होते.

रुज्जेरो — मी विचारू का त्यांना? नुसती परवानगीच तर हवीय.

एर्सिलिया — आणि काय सांगशील? तुमच्या बहिणीला मशीनकडून कळलं म्हणून? नको. त्यानं मला स्वतः सांगितलं होतं रे. भिंतीला टेकून, साध्या शब्दांत. मला क्रीमच्या पावाची चव आवडली. माझी मलाच किळस येतेय, त्यात तुझ्या तोंडून निरोप कशाला?

रुज्जेरो — नंबर आहे?

एर्सिलिया — पाठ आहे. घरात कुणी वारलं की तेवढाच लावते.

रुज्जेरो — शून्य दाबून लावा, मग बाहेर लागतो.

एर्सिलिया — वाजतोय... ऐंशीचा आहे, उठून यायला वेळ लागेल... हॅलो? ओरेस्ते? मी. एर्सिलिया... नाही रे, कुणी गेलं नाही.