एकाच मापट्याची तीन वजनं

मंडळी, एक सांगा. माणूस जास्त कशाला भितो – चुकायला, की विचारायला? ऐका.

एक होती उज्ज्वला. नणंदेचं, शालनचं, लग्न उद्यावर आलेलं. रुखवतात नानकटाई मांडायची, तीही घरचीच – सासूबाईंच्या हातची म्हणून पंचक्रोशीत नावाजलेली. पण या सासूबाईंचा, अंजनाबाईंचा, उजवा हात अर्धांगवायूनं गेला होता, जीभही जड झालेली. त्यांच्या वहीत एवढंच होतं : मैदा चार मापटी, पिठीसाखर दोन, तूप दोन. मापटं म्हणजे धान्य मोजायचं पितळी माप. आणि भट्टीवाले दस्तगीरभाई म्हणाले, “वहिनी, मापटं-बिपटं नको. मी काट्यावर मळतो, वजन लिहून आणा.”

सासूला विचारावं? छे! सगळी हयात त्या माउलीच्या धाकात गेलेली. म्हणेल, एवढंही येत नाही? मग बाईनं काय केलं – मापटंभर तूप काट्यावर ठेवलं. भरलं चारशे ग्रॅम. झालं! मैद्याचं मापटं चारशे, साखरेचंही चारशे. अहो, मापटं तेच असलं म्हणून कापूस आणि लोखंड सारखं भरतं का? हसताय! तुम्हीही सगळी लेकरं एकाच मापानं मोजता की.

दुपारी पहिला घाणा निघाला. नुसता भुगा! हात लावला की माती. दस्तगीरभाई कपाळाला हात लावून बसले. तूप उरलं एका घाण्यापुरतं. उद्या व्याह्यांच्या बायका रुखवतापुढं उभ्या राहणार. शालनला जन्मभर ऐकवणार – तुझ्या माहेरचा भुगा! उज्ज्वलेला वाटलं, भुई दुभंगावी.

शेवटी मापटं, डबे आणि काटा घेऊन ती सासूच्या खाटेपाशी गेली. खाली मान घालून म्हणाली, “आत्याबाई, चुकलं माझं. मला येत नाही. शिकवा.”

अंजनाबाईंचा डावा हात उठला. मैदा मापट्यात भरायला लावला, तळव्यानं दाबला, वर ढिगाची शीग चढवली. काट्यावर तीनशे तीस. साखरेवर मात्र बोट सपाट फिरवलं – दोनशे साठ. तूप तेवढं चारशे. वहीत हे कुठं होतं? हे त्या हातात होतं, मंडळी!

उज्ज्वलेनं तिन्ही आकडे लिहून घेतले. वर बघते तर सासूच्या डोळ्यांना धार. जड जिभेनं म्हातारी म्हणाली, “मी... भ्याले होते. वाटलं, आता मला... कुणी काही विचारायचं नाही.”

ऐकलंत? एक विचारायला भ्यायली, दुसरी कुणी विचारणार नाही म्हणून भ्यायली. दोघींच्या मध्ये भुगा!

दुसरा घाणा कसा झाला, ते शालनच्या सासूला विचारा. तिनं चार उचलल्या, म्हणतात.

आता तुमचं बोला. घरी खाटेवर कोण आहे? कुणाच्या हातात काय आहे, जे वहीत नाही? देव म्हणे देवळातच भेटतो! आरती झाली की इथं रेंगाळू नका, प्रसाद घ्या आणि घरी जा. त्या खाटेपाशी बसा, आणि तो हात हालतोय तोवर विचारा. रामराया तिथंच खोळंबलाय – घ्या त्याचं नाव!